ॲसिडच्या लाइनवर प्लॅस्टिकचाच व्हॉल्व्ह का? डायफ्राम कधी जातो, बोनट कसं खोलायचं, समजून घ्या

साखर कारखान्याचा गळीत हंगाम जवळ आला की गावागावातली पोरं कामाला लागतात. कुणी गव्हाणीवर, कुणी बॉयलरवर, कुणी गोदामात. ज्यांचं आयटीआय किंवा बारावी सायन्स झालंय, त्यातल्या काहींना डीएम प्लँटवर टाकतात. काम हलकं वाटतं. चाकं फिरवायची, मीटर बघायचा, वहीत आकडे लिहायचे. ना मळी, ना बगॅसची धूळ. पण डोळ्याला सगळ्यात जास्त धोका असलेल्या कारखान्यातल्या जागांपैकी ही एक आहे. इथं टाकीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, शेजारच्या टाकीत कॉस्टिक असतं, आणि माणूस आणि ॲसिड यांच्यामध्ये रबराचा एक पडदा असतो. तो पडदा ज्या व्हॉल्व्हमध्ये बसवलेला असतो, त्याला डायफ्राम व्हॉल्व्ह म्हणतात. कुरकुंभ, महाड, लोटे परशुराम, तारापूर या केमिकल एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांच्या हाताखाली तर तो रोजच येतो.

आधी डीएम प्लँट म्हणजे काय ते बघू. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात. चहाच्या पातेल्याला, हिटरच्या कॉइलला पांढरा थर बसतो तो त्याचाच. वीज तयार करणाऱ्या कारखान्यांचे बॉयलर ६७ किंवा ११० किलो प्रेशरवर चालतात. तिथं नळीच्या आत असा थर बसला तर नळी तापून फुटते. म्हणून पाणी रेझिनच्या बारीक मण्यांमधून नेऊन त्यातले क्षार जवळजवळ पूर्ण काढतात. मणी क्षार धरून धरून थकले की त्यांना पुन्हा ताजं करावं लागतं. एका टाकीतले मणी ॲसिडने, दुसऱ्या टाकीतले कॉस्टिकने. याला रिजनरेशन म्हणतात. म्हणजे एकाच प्लँटच्या पाइपांतून कधी बॉयलरचं शुद्ध पाणी जातं, कधी ॲसिड. कुठून काय जायचं हे ठरवतात व्हॉल्व्ह.

आता लोखंडाचा व्हॉल्व्ह इथं का चालत नाही? बाजारात येणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड ३० ते ३३ टक्क्यांचं असतं. ते लोखंड खातंच, पण चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टीलसुद्धा खातं. ‘स्टील आहे, काही होत नाही’ ही समजूत या ॲसिडपुढं टिकत नाही. उलट पीव्हीसी आणि पॉलिप्रोपिलीन, ज्याला सगळे पीपी म्हणतात, या साध्या प्लॅस्टिकला नेहमीच्या तापमानाला हे ॲसिड काही करत नाही. म्हणून कुठं आतून रबराचं अस्तर लावलेले बिडाचे व्हॉल्व्ह दिसतात, आणि लहान लाइनवर सरळ प्लॅस्टिकचे.

आत काय असतं?

लहानपणी रबरी पाइपवर पाय देऊन पाणी थांबवलं नाही असा माणूस गावात सापडणार नाही. डायफ्राम व्हॉल्व्हचं तत्त्व त्याच्या जवळचंच आहे. व्हॉल्व्हच्या धडात, मधोमध, एक उंचवटा असतो. शेतातल्या बांधासारखा. पाणी किंवा ॲसिड त्या बांधावरून पलीकडं जातं. बांधाच्या वर रबराचा जाड, लवचिक पडदा असतो. चाक फिरवलं की दांडा खाली येतो, दांड्याच्या टोकाला असलेला ठोकळा पडद्याला दाबतो, पडदा बांधावर घट्ट बसतो आणि वाट बंद. चाक उलटं फिरवलं की पडदा वर उचलला जातो, वाट मोकळी. काही व्हॉल्व्हमध्ये बांध नसतो, वाट सरळ असते आणि पडदा जास्त खोल खाली येतो. गाळ, कालवलेला चुना असं दाट काही असेल तिथं ते वापरतात.

खरी खुबी पुढं आहे. दांडा, आटे, ठोकळा, स्प्रिंग हे जे काही धातूचं असतं, ते सगळं पडद्याच्या वरच्या अंगाला, बोनटमध्ये असतं. ॲसिड खालच्या अंगाला. दोघांची गाठच पडत नाही. साध्या गेट व्हॉल्व्हमध्ये दांडा थेट पाण्यात उतरलेला असतो आणि तो जिथून बाहेर येतो तिथं ग्लँड बांधावी लागते. विहिरीवरच्या पंपाची ग्लँड गळली तर थेंब थेंब पाणी जातं, कुणी मनावर घेत नाही. ॲसिडच्या लाइनला ग्लँड गळली तर तो थेंब चाक धरणाऱ्या हातावर येतो. डायफ्राम व्हॉल्व्हला ग्लँडच नाही.

ही कल्पना आली कुठून तर दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींमधून. पी. के. सॉन्डर्स नावाचा इंजिनिअर तिथं काम करत होता. खाणीत यंत्रं दाबाच्या हवेवर चालायची आणि व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून हवा गळून वाया जायची. ती गळती थांबवायला त्यानं १९२० च्या दशकाच्या शेवटी शेवटी हा पडद्याचा व्हॉल्व्ह काढला. आपल्याकडं जुने फिटर आजही याला ‘सॉन्डर्स व्हॉल्व्ह’च म्हणतात, मग तो कोणत्याही कंपनीचा असो.

प्लॅस्टिक म्हटलं की सगळं एक नव्हे

इथं बरीच गडबड होते. स्टोअरमधून व्हॉल्व्ह आणायला पाठवलेला पोरगा साइज सांगतो, दीड इंची किंवा दोन इंची, आणि मिळेल तो घेऊन येतो. रंग बघून ओळखायला जावं तर रंग कंपनीगणिक वेगळा. व्हॉल्व्हच्या धडावर अक्षरं उठवलेली असतात, ती वाचायची. धड कशाचं आहे, साइज काय, प्रेशर किती, हे तिथं असतं.

पीव्हीसी साधारण ६० अंशांपर्यंत. त्यापुढं ते मऊ पडतं. सीपीव्हीसी आणि पीपी त्याहून जास्त उष्णता सोसतात, ८० ते ९० अंशांच्या आसपास. पीव्हीडीएफ नावाचं महागडं प्लॅस्टिक त्याच्याही पुढं जातं. हे आकडे बिनप्रेशरचे समजा. व्हॉल्व्हवर १० किलो प्रेशर लिहिलेलं असतं, ते २० अंश तापमानाचं असतं. तापमान वाढलं की ताकद घटते, आणि पीव्हीसीची ६० अंशांला मूळच्या चौथाईच्या आसपासच उरते. मे महिन्यात पत्र्याखालच्या लाइनला हात लावून बघा, म्हणजे हा फरक कागदावरचा नाही हे कळेल.

महाग तेच चांगलं असंही इथं नाही. पीव्हीडीएफ भल्याभल्या ॲसिडला पुरून उरतं, पण जोरदार कॉस्टिक त्याला चालत नाही, त्यात ते तडकतं. कॉस्टिकला साधं पीपी बरं. आणि ९८ टक्क्यांचं गंधकाचं ॲसिड, म्हणजे सल्फ्युरिक, ही तर वेगळीच जात. ते लोखंडाच्या टाकीत ठेवतात, आणि पातळ केलं की मात्र तेच ॲसिड लोखंड खाऊन टाकतं. त्या ९८ टक्केवाल्याला पीव्हीसी आणि पीपी दोन्ही नकोत. तिथं टेफ्लॉनचं अस्तर असलेला व्हॉल्व्ह लागतो. म्हणून ‘ॲसिडचा व्हॉल्व्ह द्या’ असं सांगून भागत नाही. कोणतं ॲसिड, किती टक्के, किती गरम, हे तिन्ही सांगावं लागतं.

पडद्याचंही तसंच. ईपीडीएम नावाचं रबर पातळ ॲसिड, कॉस्टिक, पाणी यांना उत्तम. पण त्याला तेल लागलं, डिझेल लागलं की फुगतं. व्हायटॉन तेलाला चांगलं, बऱ्याच ॲसिडला चांगलं, गरम कॉस्टिकला वाईट. टेफ्लॉनच्या पडद्याला जवळजवळ काहीच खात नाही, पण ते रबरासारखं लवत नाही, म्हणून त्याच्या पाठीला ईपीडीएमची गादी देतात. टेफ्लॉनचा पडदा बसवून गादी बसवायला विसरलं तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. आणि हंगाम चालू आहे, स्पेअर नाही, म्हणून कुणी गाडीच्या ट्यूबचं रबर कापून बसवलं तर त्याला काम म्हणायचं की खेळ, हे ज्याच्या डोळ्यासमोर ती लाइन आहे त्यानं ठरवावं. मूळ पडद्याच्या आत कापडाचे थर असतात, वर दांड्याला अडकवायची खुंटी असते. कापलेल्या ट्यूबमध्ये यातलं काही नसतं.

बॉल व्हॉल्व्ह का फुटतो? हायपोची गोष्ट

ही गोष्ट कारखान्याबाहेरच्यांनीही वाचण्यासारखी आहे, कारण आता गावच्या नळपाणी योजनेवरही हेच रसायन आलंय. पूर्वी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर बादलीत कालवून टाकीत ओतायचा. काही योजनांवर आता सोडियम हायपोक्लोराइटचं पिवळसर पाणी छोट्या पंपाने लाइनमध्ये सोडतात. त्यालाच सगळे हायपो म्हणतात.

हायपोला एक खोड आहे. ते नुसतं पडून राहिलं तरी हळूहळू मोडतं आणि त्यातून ऑक्सिजन वायू सुटतो. उन्हात, गरमीत जास्त जोरात. म्हणून हायपोच्या कॅनचं बूच हवा जाईल असं असतं. आता स्वस्तात मिळतो म्हणून या लाइनवर साधा प्लॅस्टिकचा बॉल व्हॉल्व्ह बसवला. बॉल व्हॉल्व्हमध्ये भोक पाडलेला गोळा असतो. व्हॉल्व्ह बंद केला की गोळा आडवा होतो, आणि गोळ्याच्या भोकात जे हायपो राहिलं ते दोन्ही बाजूंच्या सीलमध्ये कोंडलं जातं. वायू सुटत राहतो, त्याला जायला जागा नाही. दाब वाढत जातो. एखाद्या दिवशी बंद पडून असलेला व्हॉल्व्ह आपोआप तडकतो, आणि शेजारी कुणी उभं असेल तर तुकडे आणि हायपो दोन्ही अंगावर. कुणी हात लावलेला नसतो, प्रेशर वाढवलेलं नसतं, म्हणून लोकांना वाटतं माल खराब होता. माल खराब नसतो, जागा चुकलेली असते.

डायफ्राम व्हॉल्व्हमध्ये असं कोंडून राहायला पोकळीच नाही. पडदा बांधावर टेकला की रसायन या बाजूला किंवा त्या बाजूला. म्हणून हायपोला तो बरा. बॉल व्हॉल्व्हच वापरायचा असेल तर गोळ्याला एका बाजूने बारीक भोक पाडून दिलेला खास हायपोचा व्हॉल्व्ह मिळतो. तो ज्या बाजूने रसायन येतं त्या बाजूला भोक ठेवूनच बसवावा लागतो, उलटा बसला तर बंद असतानाही गळतो. डायफ्राम व्हॉल्व्हला ही कटकट नाही, कोणत्याही बाजूने बसवा.

आणि दोन बंद व्हॉल्व्हच्या मधल्या पाइपमध्ये हायपो कोंडून ठेवलं तर डायफ्राम व्हॉल्व्ह असूनही तोच प्रकार होतो. काम संपलं की लाइन पाण्यानं धुवून एक बाजू मोकळी ठेवायची.

पासिंग आणि फुटणं, दोन वेगळे दोष

प्लँटवर ‘व्हॉल्व्ह पास होतोय’ असं म्हणतात तेव्हा बाहेर काहीच दिसत नसतं. चाक पूर्ण बंद आहे, पण आतून थोडं थोडं पलीकडं जातंय. पडद्याखाली रेझिनचा मणी किंवा वेल्डिंगचा कचरा अडकला, किंवा पडद्याला वर्षानुवर्षं एकाच जागी दबून चर पडली की असं होतं. रिजनरेशनच्या लाइनचा व्हॉल्व्ह पास झाला तर ॲसिडचा अंश बॉयलरच्या पाण्यात जातो आणि बॉयलरच्या नळ्या आतून खाल्ल्या जातात. पाण्याचा पीएच का घसरतोय हे शोधता शोधता शेवटी बोट एखाद्या जुन्या डायफ्रामवर येतं.

पासिंग दिसलं की पहिला हात जातो पाइप पान्याकडं. चाकाला पाना लावून आवळायचं. हे करू नये. प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह हाताने बंद करण्यासाठी केलेला आहे. जास्त आवळल्याने कचरा निघत नाही, पडदा मात्र कापला जातो आणि प्लॅस्टिकचा बांधही दबतो. थोडं उघडून, वाहू देऊन पुन्हा बंद करून बघावं, कचरा असेल तर वाहून जातो. तरी पास होत असेल तर पडदा बदलायची वेळ आली.

दुसरा दोष पडदा फाटण्याचा, आणि माणसाला धोका याचा. पडदा फाटला की ॲसिड वर बोनटमध्ये येतं आणि दांड्याजवळून बाहेर पडतं, म्हणजे बरोबर चाक फिरवणाऱ्याच्या तोंडासमोर. तो अचानक फाटला असं वाटतं, पण बहुतेक वेळा त्यानं आधी खुणा दिलेल्या असतात. चाक नेहमीपेक्षा जड फिरतं. बोनटच्या खालच्या कडेला ओल दिसते किंवा पांढरा थर धरतो. बाकीच्या लाइनचे बोल्ट चांगले असताना याच व्हॉल्व्हचे बोल्ट गंजून फुगलेले दिसतात. यातला शेवटचा प्रकार हायड्रोक्लोरिकच्या लाइनवर थोडाफार चालतोच, कारण या ॲसिडची वाफ धड पडद्यातूनही हळूहळू झिरपते. पण एकाच व्हॉल्व्हला जास्त दिसला तर समजून जायचं.

पडदा हा घासून जाणारा भाग आहे. ऑफ सीझनमध्ये ओव्हरऑलिंग चालू असतं तेव्हाच ॲसिड-कॉस्टिकच्या लाइनचे पडदे उघडून बघायचे. चिरा, फुगवटा, कडकपणा, यातलं एक जरी दिसलं तरी नवा टाकायचा. हंगामात मध्येच बदलायची पाळी आली तर घाई होते, आणि भाजण्याचे प्रकार त्या घाईत होतात.

बोनट खोलायचं असेल तर क्रम असा. पंप बंद आणि त्याचा स्विच कुलपात, नाहीतर दुसऱ्या शिफ्टचा माणूस येऊन चालू करतो. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद. मधली लाइन ड्रेनमधून रिकामी करून पाण्याने धुवायची. ड्रेनमधून काही आलं नाही म्हणजे लाइन रिकामी आहे असं धरू नये, ड्रेनच तुंबलेला असू शकतो. ज्याचं काम करायचं तो व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवायचा, म्हणजे आत काही कोंडलेलं राहणार नाही. चेहरा झाकणारी शील्ड, तिच्या आत गॉगल, रबरी हातमोजे, ॲप्रन, गमबूट. पँट बुटाच्या बाहेरून, आत खोचलेली नको, नाहीतर बुटात ॲसिड साठतं. मग बोल्ट. आपल्यापासून लांबच्या बाजूचे आधी ढिले करायचे, पूर्ण काढायचे नाहीत. आत काही दाब राहिला असेल तर तो पलीकडं निघून जाईल. सगळं शांत आहे हे बघूनच बोनट उचलायचं.

बसवताना बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, फेरी फेरीने आवळायचे. एकच बोल्ट गच्च केला की दुसऱ्या बाजूने पडदा उचलतो. प्लॅस्टिक आणि रबर दोन्ही दबल्यावर थोडं बसतं, म्हणून एक-दोन दिवसांनी लाइन थंड आणि बिनप्रेशरची असताना बोल्ट पुन्हा तपासायचे. चाचणी पाण्याने घ्यायची. कॉम्प्रेसरची हवा भरून प्लॅस्टिकची लाइन कधीच तपासू नये. पाण्याच्या दाबाला पाइप फुटला तर भिजायला होतं. हवेच्या दाबाला फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात.

लाइन टाकणाऱ्या ठेकेदारांकडूनही ठरलेल्या चुका होतात. पीपीला पीव्हीसीचं सोल्युशन लावतात, ते चिकटतच नाही. पीपी तापवूनच जोडावं लागतं. दुसरं, प्लॅस्टिकची लाइन उष्णतेने वाढते. १० मीटरचा पीव्हीसी पाइप २५ अंशांनी तापला तर दीड ते दोन सेंटीमीटर लांब होतो. त्याला वळण किंवा मोकळीक दिली नाही तर तो ताण व्हॉल्व्हवर येतो. व्हॉल्व्हला स्वतंत्र आधार पाहिजे, पाइपच्या जिवावर लोंबकळता ठेवू नये. आणि उघड्यावर असेल तर वर पत्र्याची सावली. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होतं हे ठिबकच्या उघड्या नळ्या बघणाऱ्या शेतकऱ्याला सांगायला नको.

ठिबकवाल्यांसाठी

ठिबकच्या नळ्यांत क्षार बसले की आपल्याकडं ॲसिड प्रक्रिया करतात. तिथं डायफ्राम व्हॉल्व्ह लागत नाही, व्हेंच्युरीवरचा साधा प्लॅस्टिकचा कॉक चालतो, कारण ॲसिड पातळ असतं आणि काम थोड्या वेळाचं असतं. पण काम झालं की तो कॉक उघडा ठेवून साध्या पाण्यानं धुवायचा. लोखंडी कॉक किंवा पितळी जोड ॲसिडच्या बाजूला ठेवू नये. बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड सावकाश. ॲसिडमध्ये पाणी ओतलं तर ते उसळून तोंडावर येतं, सल्फ्युरिक असेल तर जास्तच.

आणि ज्या टाकीतून ॲसिड सोडलं त्याच टाकीत न धुता हायपो किंवा टीसीएल ओतू नये. ॲसिड आणि हायपो एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद पंपघरात तर तो जीव घेतो.

अंगावर उडालं तर

पाणी, लगेच आणि भरपूर. किमान १५ ते २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली. कपडे पाण्याखाली असतानाच काढायचे, लाजायची ही वेळ नाही. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तेवढाच वेळ पाणी. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर सुरुवातीला ॲसिडइतकं झोंबत नाही, म्हणून लोक चोळून सोडून देतात. पण ते आत आत मुरत जातं आणि नजर त्यानेच जास्त जाते. चुना, सोडा, हळद, टूथपेस्ट काही लावू नये. सोडा लावून ॲसिड मारायला गेलं तर तिथंच उष्णता होऊन भाजणं वाढतं.

सेफ्टी शॉवर आणि डोळे धुवायचा नळ डीएम प्लँटच्या शेजारी पाहिजे, आणि तो चालू पाहिजे. शिफ्टला आल्यावर पहिल्यांदा तो एकदा उघडून बघायला अर्धा मिनिट लागतो. गॉगल, मोजे, शील्ड देणं ही कारखान्याची जबाबदारी आहे, पोरगा कंपनीचा असो की ठेकेदाराचा. मिळत नसेल तर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं तक्रार करता येते.

दवाखान्यात नेताना डॉक्टरला नुसतं ‘ॲसिड उडालं’ सांगू नये. कोणतं होतं, किती टक्क्यांचं, किती वेळ पाण्यात धुतलं, हे सांगायचं. कॅनवरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून सोबत न्यावा.